एकदम खाली

आमच्या नातसुनेचं नवं स्वयंपाकघर होऊन राहिलं आहे. परवा ती फोनमध्ये त्याचं चित्र घेऊन माझ्या पलंगाशी आली. ओट्यावरच्या कपाटांच्या पोटाला दिव्यांची पट्टी, गॅसच्या वर वेगळा दिवा, आणि फडताळाचं दार उघडलं की आपसूक लागणारा आणखी एक. "आजी, बघा ना, काही राहिलंय का?" मी चष्मा पुसला, चित्र पुढे-मागे केलं आणि विचारलं, "यात बसायचं कुठे?"

"स्वयंपाकघरात कोण बसतं आजी?"

आता हिला काय सांगू. स्वयंपाकघरात कोण बसतं, यावरून मी एक पुरा हिवाळा जळत काढला आहे. बांगलादेशची लढाई झाली तो हिवाळा. सरहद्दीवरची लढाई पंधरवड्यात आटोपली. माझी तिच्या आधी सुरू झाली होती, आणि खरं विचाराल तर ती संपली असं मी अजून कुठे जाहीर केलेलं नाही.

तेव्हा आम्ही जबलपूरला, रांझीच्या अंगाला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. घरात तिघं: हे, सासूबाई आणि मी. हे फॅक्टरीत तपासनीस. कारागिरांनी घडवलेला माल मापात आहे की नाही ते बघायचं, असला तर पास, नसला तर बाजूला. दिवसभर तेच. सासूबाई जन्माच्या दीक्षितपुऱ्यातल्या. त्यांच्या घराण्याच्या कितव्या पिढीनं नर्मदेचं पाणी प्यायला सुरुवात केली, ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांची मराठी अर्धी नागपूरकडची आणि उरलेली हिंदीकडून उसनी आणलेली. आणि मी वाईची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, पण ताठा असा, की 'काहून' हा शब्द कानावर पडला की मी ओठ मुडपायची. 'काहून' नाही, 'का'. 'करून राहिली' नाही, 'करते आहे'. तोंडानं बोलून दाखवायची हिंमत नव्हती म्हणून नुसते ओठ. शुद्ध मराठीच्या जोरावर आपण अख्खं जबलपूर जिंकून घेणार, अशा तोऱ्यात ती मुलगी त्या दोन खोल्यांत वावरायची. आज ती समोर येऊन बसली तर हसून हसून माझी कवळी पडेल.

क्वार्टरांची स्वयंपाकघरं मागच्या बाजूला, एका अरुंद बोळाच्या दोन्ही कडांना, समोरासमोर. मी ओट्याशी उभी राहिले की डाव्या हाताला मागचं दार, दाराबाहेर बोळ, आणि बोळापलीकडे शेजारणीचं दार. भिंतीत छताजवळ एक जाळीचा झरोका, कोळशाच्या शेगडीचा धूर जायला. आणि दिवा म्हणाल तर एकच बल्ब, घरातून आत येतानाच्या दारावर, म्हणजे बरोबर माझ्या पाठीमागे. ज्यानं तो तिथे बसवला त्यानं जन्मात कधी कांदा चिरला नसणार. मी ओट्याशी उभी राहिले की माझी सावली ओट्यावर आडवी. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वयंपाकघर म्हणजे अंधारं असायचंच, असं मी धरून चालले होते.

जबलपूरचा हिवाळा म्हणजे मटार. सिहोऱ्याकडून बसच्या टपावर गोण्या यायच्या. सुटीचा भोंगा झाला की हे बाजारातून सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून आणायचे. मग दिवेलागणीला आम्ही ते सोलायला घ्यायचो, कारण सकाळच्या पाळीचा डबा उजाडायच्या आत भरावा लागे. आता मटारातल्या अळीचं तुम्हाला ठाऊकच असेल. ती मटाराच्याच रंगाची असते, आणि शेंगेत अशी पडून राहते की जणू तिनंच घर बांधलंय आणि दाणे भाडेकरू आहेत.

एके दिवशी हे जेवायला बसले. उसळीतून काहीतरी दोन बोटांनी उचललं, उजेडाकडे धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं, ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाले, "हा नग नापास."

आणि पुढे जेवले. त्यांच्या मनात काही नव्हतं. फॅक्टरीत दिवसभर जे म्हणायचे तेच म्हणाले. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सासूबाईंनी मटाराच्या शेंगा भरलेलं पाखडायचं सूप उचललं, पदर सावरला, मागच्या दारानं बोळ ओलांडला आणि शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

शेजारीण माझ्याच वयाची, नागपूरकडची, हसली की गालाला खळी. तिचा नवरा फॅक्टरीच्या बिजली विभागात होता. त्यानं आपल्या हातानं बायकोच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट बसवली होती. आमच्या रांगेत बैठकीच्या खोलीतसुद्धा कुणाकडे ट्यूब नव्हती, आणि हिच्याकडे ती कांदे चिरायला. भिंतीवर उंच, पांढरीफेक. तिची भांडी तर चमकायचीच, पण कोपऱ्यातली केरसुणीसुद्धा नवी दिसायची. मी माझ्या अंधारातून बघत राहायची. सासूबाई पाटावर बसलेल्या, सूप मांडीवर. शेजारीण काहीतरी बोलायची आणि सासूबाई हसायच्या. माझ्या स्वयंपाकघरात त्या खोकायच्या, तिच्याकडे हसायच्या. त्यांना दात किती आहेत हे मला शेजारणीच्या ट्यूबमुळे कळलं.

माझ्या पोटात जी आग पडली, तिच्यावर शेगडीशिवाय दोन वेळचा स्वयंपाक झाला असता. लोकांच्या सुनांना सासू नको असते. मला माझी सासू परत हवी होती. प्रेम वगैरे म्हणू नका, तेवढी ओळख अजून व्हायची होती. माझी वस्तू दुसरीच्या घरात मांडून ठेवल्यासारखं वाटायचं, इतकंच.

मी ह्यांना विचारलं, "तुमच्या आई रोज तिकडे का जातात?"

"उजेड आहे तिकडे."

"मग आपल्याकडे काय अंधार आहे?"

"आहे की," हे म्हणाले. माप घेऊन बोलणारा माणूस. त्याला बायकोच्या तोंडाकडे बघून उत्तर फिरवायची सवय नव्हती.

माझा काही विश्वास बसला नाही. उजेडासाठी कुणी आपली सून सोडून जातं का? ती 'काकू, काकू' करून गोड बोलते, त्याला ह्या भुलल्या, असंच मी धरलं. मग मीही गोड बोलायला घेतलं. आलं घालून चहा करायची. बेसनाचे लाडू वळले. सासूबाईंनी लाडू खाल्ला, चहा प्यायल्या, कप विसळून पालथा घातला, सूप उचललं आणि गेल्या. जाताना म्हणाल्या, "एक लाडू तिच्यासाठी घेऊन जाते वो." माझ्या हातचा लाडू, माझ्या डोळ्यांदेखत, बोळ ओलांडून गेला.

शेवटी मी ठरवलं, उजेड तर उजेड. ह्यांना सांगून मोठ्यातला मोठा बल्ब आणवला, शंभराचा, आणि जुन्याच जागी लावला. बटण दाबलं आणि स्वयंपाकघर असं उजळलं की जळमटंही लाजली. मी ऐटीत ओट्याशी जाऊन उभी राहिले, आणि बघते तर ओट्यावर मीच. आधी माझी सावली निदान फिकट होती, आता डांबरासारखी काळी. उजवीकडे सरकले, तीही सरकली. हात लांब करून विळी उचलली, तर त्या काळ्या बाईनंही विळी उचलली. उजेड वाढवला म्हणजे अंधार कमी होतो, एवढं साधं गणितही मला सुटलं नाही. सासूबाईंनी दारातून एकदा आत पाहिलं, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाल्या, "शादीचा मंडप केला का वो?" आणि सूप घेऊन गेल्याच.

मग एका संध्याकाळी सगळ्या क्वार्टरांची वीज गेली. पलीकडची ट्यूबही विझली. थोड्या वेळानं सासूबाई चाचपडत परत आल्या. मी कंदील लावला. ठेवायला जागा नव्हती म्हणून समोरच्या मसाल्याच्या फळीवर, तेलाच्या बरणीशेजारी, ठेवून दिला आणि पोळ्या करायला घेतल्या. लाटता लाटता थांबले. माझे हात मला दिसत होते. पोळीची कड दिसत होती, पिठातला केस दिसत होता. सावली माझ्या पाठीमागे गेली होती, सुनेनं सासूच्या मागे चालावं तशी. सासूबाई ओट्याच्या कडेला सूप टेकवून उभ्या होत्या. त्यांनी एक शेंग फोडली आणि दोन बोटांत अळी उचलून मला दाखवली.

"ही पाह्य," म्हणाल्या. आवाजात आनंद असा, की जणू नथीतला मोती सापडला. "दिसून राहिली."

तेवढ्यात वीज आली. पलीकडून पांढरा उजेड बोळात सांडला. सासूबाईंनी सूप उचललं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तोही कंदिलाचा. सासूबाईंशी गोड बोलून उपयोग नव्हता. दिवा हलवायला हवा होता.

पुढचे काही दिवस मी घरात कुणी नसताना कंदील हातात घेऊन स्वयंपाकघरभर फिरायची. खिडकीवर जुनी चादर टाकून दिवसाढवळ्या अंधार करायची आणि कंदील इथे टांग, तिथे टांग. छताजवळ टांगला की उजेड सगळ्यांना थोडाथोडा वाटला जायचा, पुरेसा कुणालाच नाही, आमच्याकडच्या दुधासारखा. डाव्या हाताला ठेवला की चिरताना उजव्या हाताची सावली बोटांवर पडायची नाही. ओट्याच्या बरोबर वर, कपाळाच्या जरा पुढे टांगला की सगळं लख्ख. आणि एक कळलं: धुरानं काळी झालेली भिंत दिवा गिळून टाकते, ढेकरही देत नाही. मग मी चुना भिजवला, नीळ घातली, पदर खोचून ओट्यामागची भिंत स्वतः पांढरी केली. कंदील तोच, पण उजेड दुप्पट वाटायला लागला. एकदा मी अशी भर दुपारी हातात पेटलेला कंदील घेऊन उभी असताना शेजारीण मागच्या दाराशी आली.

"काय शोधून राहिल्या वहिनी?"

"काही नाही. मीठ."

ती गेली. संध्याकाळी पलीकडे दोघींचं हसणं नेहमीपेक्षा मोठ्यानं ऐकू आलं. त्यात 'मीठ' हा शब्द मी स्वच्छ ओळखला.

बेत पक्का झाला: ओट्याच्या वर एक नवा दिवा, पण छताशी नाही, चांगला खाली उतरवलेला. ह्यांनी अर्ज दिला आणि फॅक्टरीच्या इस्टेट ऑफिसकडून वायरमन आला. हे कामावर, सासूबाई पलीकडे. मी पदर डोक्यावर घेऊन, वाईहून आणलेल्या हिंदीत त्याला समजावलं.

"भैया, इधर बत्ती चाहिए. पर खाली."

"खाली?"

"हाँ. एकदम खाली."

त्यानं ओट्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "खाली लगवा के क्या करोगी बहनजी?"

"खाली में अच्छा दिखता है."

"अच्छा." मग दारावरच्या जुन्या बल्बकडे बोट केलं. "और ये?"

"उसको भी खाली करो," मी म्हटलं. एवीतेवी माणूस आलाच आहे, तर तोही जरा उतरवून घेऊ.

"जैसी आपकी मर्ज़ी," म्हणून तो शिडीवर चढला. परका पुरुष घरात, म्हणून मी पुढच्या खोलीत जाऊन बसले. हातोडीचे ठोके ऐकत होते आणि मनातल्या मनात सासूबाईंचा पाट मांडत होते. ठोके थांबले. त्यानं हाक मारली. मी आत गेले.

ओट्याच्या वर, अगदी छताला टेकून, लाकडी पट्टीवरून सुरेख वायर आणून त्यानं नवाकोरा होल्डर बसवला होता. होल्डरमध्ये काही नव्हतं. दारावरच्या जुन्या होल्डरमध्येही काही नव्हतं. माझा शंभराचा बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून, बाळंतिणीचं मूल ठेवावं तसा, मसाल्याच्या फळीवर निजवला होता.

"लो बहनजी. सब खाली."

"ये क्या किया? मैं खाली बोली थी."

"खाली ही तो है." त्यानं शिडी लावून होल्डरमध्ये बोट घालून दाखवलं. "देख लो."

"खाली नहीं है, ऊपर है."

"ऊपर भी है और खाली भी है."

मी 'खाली, खाली' म्हणत ओट्याकडे हात करतेय, तो 'खाली, खाली' म्हणत होल्डरकडे. आमचा आवाज चढला तशा पलीकडून दोघी आल्या. शेजारणीनं दोन्ही होल्डर पाहिले, फळीवरचं बाळ पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती दाराची चौकट धरून हसायला लागली.

"अहो वहिनी, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. त्याला 'नीचे' म्हणावं लागते."

सासूबाई खाली बसल्या. म्हणजे आपल्या मराठीत खाली, जमिनीवर. हसता हसता त्यांना ठसका लागला, मग पुन्हा हसल्या, डोळे पुसले आणि लग्नापासून माझ्या मुडपलेल्या ओठांचा जो हिशेब तुंबला होता तो एका वाक्यात मिटवला.

"काहून वो सूनबाई, शुद्ध बोलली का?"

वायरमन पुन्हा शिडीवर चढला. मी रागानं अशी फुलले होते, की 'नीचे' एवढा एकच शब्द धरून बसले. "नीचे. और नीचे. और नीचे." 'खाली' म्हणायचं नाही ह्या नादात 'बस' म्हणायचंही विसरले. दिवा येऊन थांबला तो माझ्या नाकासमोर. त्यानं विचारलं, "ठीक है?" शेजारीण बघत होती. मी म्हटलं, "एकदम ठीक है."

दोन दिवसांत माझ्या कपाळावर टेंगूळ आलं. तरी मी वायर वर घेतली नाही, आणि दारावरचा जुना होल्डर रिकामाच ठेवला. बल्ब थेट डोळ्यांत खुपायचा, म्हणून शंभराचा काढून लहान लावला, आणि वनस्पती तुपाचा रिकामा डबा ह्यांच्याकडून कापून घेतला, तळाला भोक पाडलं, आतून चुना लावला आणि तो बल्बवर टोपीसारखा घातला. उजेड मग सरळ ओट्यावर पडायचा, इकडे नाही, तिकडे नाही. आजची पोरं पैसे मोजून विकत आणतात ते हेच, फक्त डबा चांगला असतो. आमच्या रांगेतल्या बायका दारातून डोकावून जायच्या. एक म्हणाली, दिव्याच्या उबेला कोंबडीची पिल्लं पाळली का? शेजारणीनं तर मला नावच ठेवलं, 'खालीवाली वहिनी'.

पण ज्यांच्यासाठी हे सारं, त्या सासूबाई? त्या आल्या. पाट मांडून बसल्या. सूप मांडीवर घेतलं, वाकून पाहिलं, आणखी वाकून पाहिलं. उजेड होता तो ओट्यावर, कापून ठेवल्यासारखा. खाली जमिनीवर अंधार.

"तुझा दिवा तुझ्यापुरताच आहे वो," म्हणाल्या. रागानं नाही, बघून सांगितल्यासारखं. आणि उठून गेल्या.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्याकडून पाटाच्या बरोबर वर, छताला एक आकडा ठोकून घेतला आणि वायरमननं छताशी गुंडाळून ठेवलेलं जास्तीच्या वायरचं वेटोळं सोडवून लांब केलं. आता दिवा ओट्यावरून काढून पाटावर टांगता यायचा. सगळी तयारी झाली. पाट मांडलेला, दिवा टांगलेला. पण सासूबाईंना मी 'या' म्हणेना. बोलवायला लागलं तर त्यात काय राहिलं? आपणहून यायला हव्यात. त्या येईनात. पलीकडे हसणं चालूच. मी रिकाम्या पाटावर उजेड पाडून पोळ्या करायची.

आणि लढाई लागली. फॅक्टरीत पाळ्यांवर पाळ्या, हे घरी यायचे ते नुसते झोपायला. शहरभर अंधार ठेवायचा हुकूम झाला. आमच्या वस्तीला तर जास्तच कडक, शेजारी फॅक्टरी म्हणून. खिडक्यांच्या काचांना सगळ्यांनी खाकी कागद चिकटवले. पण स्वयंपाकघराचा झरोका बुजवणार कसा? तो बुजवला तर कोळशाचा धूर माणसाला बुजवतो. दिवे लागायच्या वेळी गळ्यात शिटी अडकवलेले एक बाबूजी बोळातून फिरायचे. शेजारणीची ट्यूब उंच, झरोक्याच्या जवळजवळ समोर. पहिल्याच संध्याकाळी शिटी वाजली.

"बत्ती बंद करो. सड़क तक दिख रहा है."

पलीकडचं स्वयंपाकघर एकदम पुसलं गेलं. भांडी गेली, केरसुणी गेली, खळी गेली. मग बाबूजी माझ्या दाराशी आले. आत पाहिलं, बाहेर जाऊन झरोक्याकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. डब्याखालचा उजेड जिथल्या तिथे बसून होता, झरोक्यापर्यंत त्याचा हातच पोचत नव्हता.

"ये ठीक है. ये किसने लगवाया?"

अंधारातून शेजारणीचा आवाज आला. "हमारी खालीवाली वहिनी ने."

मला आतून उकळ्या फुटत होत्या. देशावर संकट, आणि मी मात्र विझलेल्या ट्यूबकडे बघून मनातल्या मनात पेढे वाटतेय. तेवढ्यात बोळात पावलं वाजली. सासूबाई आल्या, सूप घेऊन, आपणहून. पाटावर बसल्या. थकून मी दिवा पुन्हा ओट्यावर आणला होता, तो काढून त्यांच्यावर टांगला. त्यांनी एक शेंग फोडली, वाकल्या नाहीत, आणि मान हलवली.

मग दाराकडे वळून म्हणाल्या, "ये वो बाई. अंधारात काहून उभी आहे?"

आणि शेजारीण आत आली. सूप घेऊन. तिनं माझा दुसरा पाट ओढला आणि सासूबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. पलीकडे जे चालायचं तेच आता माझ्या घरात सुरू झालं. दिवा माझा, डबा माझा, टेंगूळ माझं, आणि उजेडात त्या दोघी. मी ओट्याशी, त्यांच्याकडे पाठ करून, काळोखात पोळ्या लाटतेय. आता तर बल्बही नाही आणि सावलीही नाही. मागे हसणं. मी लाटणं असं आपटलं की पोळपाटानं पाय वर केले.

"पोळी जळून राहिली," सासूबाई म्हणाल्या.

"दिसत नाहीये मला."

"मग तिथे काहून उभी आहे?"

मी तव्यावरची पोळी चाचपून उलटली, बोट भाजलं, ते सांगितलं नाही. मागे सूप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. सासूबाई उठल्या, ओट्याशी आल्या, माझ्या हातातून लाटणं काढून घेतलं.

"शेगडी उतरव. पोळपाट घे. ये इकडे," त्या म्हणाल्या, "खाली. एकदम खाली."

शेजारणीनं तोंडाला पदर लावला. मग सरकून जागा केली. शेगडी तिनं आणि मी मिळून खाली घेतली. त्या डब्याखाली उजेडाचं एक गोल ताट पडलं होतं, त्यात आमचे गुडघे मावत होते आणि तोंडं अर्धी अंधारात. सासूबाई दाणे सोलायच्या, शेजारीण अळ्या शोधायची, मी पोळ्या भाजायची. मी सासूबाईंच्या उजव्या हाताला बसले होते. उजवी बाजू मिळाली, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं.

लढाई संपली. खिडक्यांचे कागद निघाले. ज्या संध्याकाळी पलीकडची ट्यूब पुन्हा लागली, त्या संध्याकाळी मी दिवा पाटावर टांगला, शेगडी खाली ठेवली आणि पीठ मळत बसले. कान बोळाकडे. बोळात पांढरा उजेड सांडला होता. सासूबाईंनी सूप उचललं. पदर सावरला. मागच्या दारापर्यंत गेल्या. मी कणकेत बोटं खुपसून श्वास धरला.

त्या दारात उभ्या राहिल्या आणि पलीकडे ओरडल्या, "चल वो बाई, मटार आणले." आणि परत येऊन माझ्यासमोर पाटावर बसल्या.

मला राहवलं नाही. "आता काहून नाही जात तिकडे?"

त्यांनी शेंग फोडता फोडता हात थांबवला. "काय म्हणाली?"

"का जात नाही म्हटलं."

"नाही. पहिले काय म्हणाली?"

मी कणीक मळत राहिले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, डब्याखालच्या त्या थोड्याशा उजेडात जितकं दिसेल तितकं.

"तिची नळी भुणभुण करते," शेवटी म्हणाल्या. "माझ्यापेक्षा जास्त बोलते. आणि इथे मी बसली तर ती येते, तिच्याकडे गेली तर तू नाही येत."

तेवढ्यात शेजारीण आलीच, सूप घेऊन, खळी घेऊन, आणि थेट सासूबाईंच्या उजव्या हाताला बसायला निघाली. मी पीठ मळलेल्या हातानं पोळपाट तिथे सरकवला.

"ही जागा खाली नाही," मी म्हटलं. हिंदीत म्हटलं की मराठीत, ते तिचं तिनं समजून घ्यावं.

हे सगळं मी नातसुनेला सांगितलं नाही. तिची आई पुढच्या महिन्यात राहायला येणार आहे, महिनाभर, आणि तिच्या हातच्या पुरणपोळ्यांचं कौतुक माझ्या नातवानं आत्तापासून सुरू केलंय. मी चित्र पुन्हा हातात घेतलं. ओट्याच्या टोकाशी, भिंतीच्या कोपऱ्यात, बोट ठेवलं. "इथे एक दिवा टांग. खाली सोडलेला. त्याच्या खाली एक खुर्ची, माझी."

"आणि आई कुठे बसेल?"

"उजेड आहे की सगळीकडे," मी म्हटलं. "खुर्ची मात्र एकच ठेव."